नॉरिसचा चाकू

आमच्या गावात माणूस चर्चला नाही आला तर चालतं, पण सप्टेंबरच्या लीक-प्रदर्शनाला नाही आला तर तो मेला असंच धरतात. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा दांडगा भाऊ; ज्याचा सगळ्यांत जाड, तो जिंकला. कोळशाची खाण बंद पडली, पण हे वेड काही सुटलं नाही. नॉरिस टीसडेल त्यातला पंचक्रोशीतला उस्ताद. सत्तरीला टेकलेला, चाळीसेक वर्षांपूर्वी फॉकलंडच्या लढाईतून लंगडत परत आलेला. दरवर्षी पहिला नंबर, आणि दरवर्षी चेहरा सुतकी! क्लबात त्याच्यापुढे बिअर ठेवताना मलाच मेलं वाईट वाटायचं.

यंदा डॉक्टरने छाती तपासून मान हलवली, तसा तो प्रदर्शनाच्या सकाळी माझ्याकडे आला.

"डॉट, मला एनिडला एक सांगायचंय. आज नाही तर राहूनच जाईल."

"मग सांग की! ती काय तुला खाणार आहे?"

"खाईल," तो म्हणाला.

एनिड हेस्लप म्हणजे क्लाइव्हची थोरली बहीण. क्लाइव्ह हा नॉरिसचा जिवलग, त्याच लढाईत गेला. तेव्हापासून नॉरिस एनिडच्या दारावरून जायचा तो खाली मान घालून. आम्हाला वाटे, दुःख असेल.

संध्याकाळी क्लबात निकाल लागला, चषक नॉरिसच्या हातात आला, आणि हा पठ्ठ्या टेबलाला धरून उभा राहिला.

"लढाईच्या आदल्या वर्षी क्लाइव्हचे लीक रातोरात कुणी कापले, ठाऊक आहे? मी. हरेन म्हणून जळत होतो. पुढे माझ्या पायात गोळी शिरली, तेव्हा त्यानंच मला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला. त्याच्या पाठीवर होतो, तरी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. एनिड, मला माफ कर गं."

आमच्याकडे कुणी कुणाची बायको पळवली तर लोक दोन वर्षांत विसरतात, लीक कापणाऱ्याला नाही विसरत.

एनिडने पर्स उघडली. चष्मा, गोळ्या, रुमाल बाजूला सारून तळातून लाकडी मुठीचा जुना चाकू काढला. मुठीवर नॉरिसचं नाव कोरलेलं.

"वाफ्यातच टाकून पळालास की रे, गाढवा! क्लाइव्हला सकाळीच सापडला."

"म्हणजे... मला पाठीवर घेतलं तेव्हा त्याला ठाऊक होतं?"

"होतं. म्हणून काय तुला तिथंच टाकणार होता? लढाईला निघताना बंदरावर मला म्हणाला, 'ताई, तू बोलू नकोस. त्याचा त्यालाच कंठ फुटू दे, मग मी पोट धरून हसणार आहे.' त्याचा शब्द पाळला मी. दर प्रदर्शनाला हा चाकू घेऊन येते. वाट बघून म्हातारी झाले, मेल्या!"

नॉरिस ढसाढसा रडला आणि रडता रडता हसायलाच लागला. मग काय, सगळा क्लब हसत सुटला. मीही डोळे पुसत सगळ्यांना फुकट बिअर वाटली.

प्रदर्शन संपलं की बक्षिसाच्या लीकचं सगळ्यांसाठी सूप करायचं, ही आमची रीत. एनिडने चाकू नॉरिसच्या हातात दिला.

"घे. आणि या खेपेला सगळ्यांदेखत काप."