शशिकलामामींचं ध्यान आणि काप्पी

शशिकलामामी मैलापूरच्या, तंजावूरकडच्या मराठी घराण्यातल्या. साठी उलटली, तरी कुणी हाक मारली की पुरती ऐकायच्या आत उठून उभ्या. लग्न झाल्यापासून पायांना तीच सवय.

२००५ साली त्यांचा रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, "रोज डोळे मिटून स्वस्थ बसा, नाहीतर गोळ्या वाढवीन." नुंगंबाक्कमच्या ध्यानवर्गातल्या बाईंनी सांगितलं, "आवडतं भजन लावा. संपेपर्यंत उठायचं नाही. मनात काहीबाही येईल, जाऊ द्यायचं."

मामींचं आवडतं भजन म्हणजे नवऱ्याचंच. वेंकटरमण पूर्वी अभंग फार गोड म्हणत. पंचवीस वर्षांपूर्वी घरीच भरलेली त्यांची कॅसेट होती. मामींनी ती लावली. दोन कडव्यांत अंग सैल पडलं, आणि तेवढ्यात,

"शशी, काप्पी आण गे!"

मामी ताडकन उठल्या. काप्पी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी, करून बाहेर ओट्यावर पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला दिली. त्यांनी मुकाट्यानं घेतली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वेंकटरमणांना म्हणे कमी ऐकू येतं. येत असेल बापडं! पण चुलीवर दूध ठेवलेलं त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातून कळतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

शेवटी मामींनी वरच्या मजल्यावरच्या मंदारला गाठलं. हा पोरगा पुण्याचा, पेरुंगुडीत कंप्युटरच्या नोकरीला. त्यानं कॅसेट ऐकली आणि पोट धरून हसला.

"मामी, हाक कॅसेटमध्येच आहे! गाता गाता मामांचा घसा सुकला असणार."

"अय्यो! मग रोज काप्पी मागत होतं कोण?"

"पंचवीस वर्षांपूर्वीचे मामा."

"आणि पीत होते ते?"

"ते मात्र आजचे."

मामींचा गोंधळ काही सुटेना. मंदारनं अभंग सीडीवर उतरवले, हाक कापून टाकली.

दुसऱ्या सकाळी मामी निर्धास्त बसल्या. दोन कडवी झाली, आणि पुन्हा "शशी, काप्पी!" पाय हलले. पण सीडीत तर हाक नाही! म्हणजे ही मनातली. बाईंनी सांगितलंय, जाऊ द्यायचं. मामींनी जाऊ दिली. मग आणखी मोठ्यानं, "शशी! काय करूलीस गे?" मन भारीच हट्टी, असं म्हणून मामींनी तीही जाऊ दिली.

अभंग संपला. डोळे उघडले तर समोर वेंकटरमण, हातात वाफाळता पेला, धोतरावर उतू गेलेलं दूध.

"हाका मारून घसा बसला माझा! म्हटलं, हिला झालं तरी काय? घे, पी."

मामींनी घोट घेतला. साखर घालायची राहिली होती.

संध्याकाळी जिन्यात मंदारनं विचारलं, "काय मामी, लागलं का ध्यान?"

"कोण जाणे रे," मामी म्हणाल्या. "लागलं की नाही ते बाईंना विचारते. पण ती सीडी खराब झाली तर दुसरी करून ठेव हां."