उजव्या हाताचा पंप

शेजारच्या भाऊजींनी एका सकाळी दारात उभं राहून माझ्याकडे चहाची फाटकी गाळणी मागितली. मी चांगली द्यायला निघाले तर म्हणाले, "नको, फाटकीच बरी. जाळी कापायचीय."

"कशाला?"

"धुराड्याला," म्हणाले आणि गाळणी घेऊन चालते झाले.

असं अर्धवट सांगून कोणी गेलं की मला घरात बसवत नाही. गॅस बंद केला आणि मागोमाग गेलेच.

भाऊजींना आमच्या इमारतीत कवळीवाले म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवल्या. हल्ली फक्त मोडलेल्या दुरुस्त करतात. त्यांच्या खोलीतल्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. आत पाऊल टाकलं की वीस-पंचवीस जण आपल्याला एकदम हसतायत असं वाटतं. त्या दिवशी टेबलावर जबडे बाजूला सारून एक वाफेचं इंजिन बसलं होतं, वीतभर लांबीचं.

"खेळणं?" मी विचारलं.

"मॉडेल," भाऊजी म्हणाले. "पण साबणाची वडी आहे. बाबाच म्हणाले."

बाबा म्हणजे भाऊजींचे सासरे, आमच्या वहिनींचे वडील. आयुष्यभर इंजिन ड्रायव्हर होते, डोंगरातल्या एका छोट्या लाइनीवर, आणि त्यातली सव्वीस वर्षं एकाच इंजिनावर. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आले तेव्हा बोलून बोलून सगळ्यांना पिडायचे. मग नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळतो आता. नजरेबरोबर गोष्टीही गेल्या. वहिनींनी विषय काढला की म्हणायचे, "डोळ्यांपुढे काही येतच नाही गं, सांगू काय?" आणि खिडकीशी गप्प बसून राहायचे.

म्हणून भाऊजींनी दुकानातून त्याच जातीचं इंजिन आणून त्यांच्या हातात ठेवलं. बाबांनी त्यावरून एकदाच बोटं फिरवली, 'साबणाची वडी' म्हणाले आणि परत केलं.

भाऊजींनी मला बोट लावून बघायला सांगितलं. खरंच, बॉयलरच्या कडेची दांडी म्हणजे नुसती उठवलेली रेघ. तिच्यामागे नख शिरेना. दिसायला दांडी, हाताला काहीच नाही.

"बाबांना आता बोटांनीच दिसतं," ते म्हणाले. "तेव्हा प्रत्येक गोष्ट बोटाला लागली पाहिजे. मला त्यांच्याकडून एकच ऐकायचंय, 'ही माझी गाडी.'"

त्यानंतर मी रोज काहीतरी निमित्त काढून डोकावू लागले. भाऊजींनी त्या सगळ्या रेघा खरवडून काढल्या आणि दात सरळ करायच्या तारेच्या दांड्या बसवल्या. पातळ पितळी पत्र्याला मागून सुईच्या टोकाने दाबून एकेक रिव्हेट, म्हणजे खिळ्याचं गोल डोकं, उठवला, एका बाजूला एकशेबारा. शिट्टी बॉलपेनच्या टोकातून निघाली. आमची गाळणी ठिणग्या अडवायला धुराड्याच्या तोंडावर गेली. जुनी मोटर हिसके द्यायची, ती काढून संथ चालणारी घातली. मागच्या डब्यात, टेंडरमध्ये, खराखुरा कोळसा बारीक करून चिकटवला.

"लग्न ठरवताना माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"तुला रिव्हेट नव्हते," भाऊजी म्हणाले.

बाबांचा एकच जुना फोटो होता, समोरून काढलेला, वाफेत अर्धा बुडालेला. जे फोटोत दिसेना ते भाऊजी चहाच्या वेळी विचारून वहीत लिहीत. ब्रेकच्या हवेचा पंप कोणत्या बाजूला? बाबा पटकन म्हणाले, "उजव्या हाताला. सारखा धडधडायचा." भाऊजींनी पंप घडवला, सुताएवढ्या नळ्या जोडल्या आणि उजव्या बाजूला पक्का चिकटवला.

दीड महिन्याने इंजिन तयार झालं. बाबांनी ते मांडीवर घेतलं, धुराडं पुढे करून. दोन्ही हात दोन बाजूंनी निघाले. दांडीमागे बोट शिरलं तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. रिव्हेटवर अंगठा हळूहळू सरकला. धुराड्याची जाळी लागली तेव्हा तर ते हसले. मग बाबांचे हात थांबले. डावा हात पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला, काहीतरी शोधत.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

"का हो?" भाऊजींनी विचारलं.

"पंप कुठाय?"

"उजव्या हाताला आहे की!" वहिनींचा आवाज चढला. "तुम्हीच सांगितलंत, बाबा. वहीत लिहिलंय."

"बरोबर सांगितलं. उजव्याच हाताला होता."

"मग?"

"मग काय? ही माझी नाही."

भाऊजी इंजिन उचलायला पुढे झाले. माझ्या डोक्यात मात्र बाबांचा डावा हात अडकून बसला होता. तोंड म्हणतंय उजवा आणि शोधतोय डावा, हे कसं?

"बाबा," मी म्हटलं, "पंप उजव्या हाताला, तेव्हा तुमचं तोंड कुठे असायचं?"

"घराकडे. आणखी कुठे?"

"आणि इंजिनाचं?"

ते थबकले. "त्याचं डोंगराकडे. वरच्या स्टेशनात इंजिन फिरवायची सोय कुठे होती? जाताना सरळ, येताना उलटं. टेंडर पुढे, आम्ही मागे वळून उभे. सगळी कोळशाची धूळ तोंडावर."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "चौतीस वर्षं," ते म्हणाले, "प्रत्येक शिकाऊ पोराला पहिला धडा हाच दिला. उजवं म्हणजे पेशंटचं उजवं, आपलं नाही. आणि मी इंजिनाला विचारलंच नाही!"

"पेशंटला तोंड उघडायला सांगायचं होतंत," वहिनी म्हणाल्या. त्यावर बाबाही खुदकन हसले.

पंप डाव्या बाजूला न्यायला सोडवताना दोन नळ्या तुटल्या. त्या नव्याने वाकवून, उजवीकडचा डाग मेणासारख्या लेपाने बुजवून आणि घासून रंगवायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी मी आपणहून हजर होते.

या वेळी बाबांनी इंजिन हातात घेतलं आणि न सांगता उलटं फिरवलं, टेंडर पुढे. उजवा हात सरळ पंपावर गेला आणि तिथेच राहिला. बराच वेळ.

"बाबा, आहे का तुमची?" भाऊजींनी विचारलं.

बाबांची बोटं टेंडरमधल्या कोळशावर आली. त्यांनी तो चाचपला, खोली मोजली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जावईबापू, कोळसा कमी घेतलात. एकदा असाच कमी पडला होता, थंडीचे दिवस, आणि कोळसा टाकणारा माझा फायरमन म्हणजे असा झोपाळू..."

वहिनी चहाचा कप हातात घेऊन तशाच खाली बसल्या. भाऊजी उठले आणि हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुमच्याकडे छोटा खलबत्ता आहे ना? कोळसा कुटायचाय."

दिला. अजून परत आलेला नाही.