गोचीड आणि पालखीचा पहिला खांदा

मी रावजी. मुंबईत गिरणीत कापड विणायचे साचे चालवतो, म्हणजे तिथे मला कुत्रं विचारत नाही. पण शिमग्याला संगमेश्वराकडच्या आमच्या गावी आलो, की छाती आपोआप फुगते. गावच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घराण्याचा, तोही उजवा. वडील गेल्यावर हा मान माझ्याकडे आला. तेहतीस सालच्या शिमग्यात मात्र चुलतभाऊ भागोजी मानकऱ्यांचे कान भरत होता, "वर्षभर मुंबईत ऱ्हानाऱ्याला मान कशाला?" मी एकदा चुकलो असतो, तर मान कायमचा त्याच्या घरात गेला असता.

होळीचं झाड आणायला रानात निघालो, तेव्हा माझी बायको हौसा म्हणाली, "आवो, अंगभर सदरा घालून जावा. गवतात बसू नका. रानात गोचडी लय हायत."

सदऱ्याखाली माझे मुंबईचे दंड कोणाला दिसणार? उघडाच गेलो. गवतात ऐसपैस आडवा पडून मुंबईच्या गप्पाही हाणल्या. परतल्यावर बाकीच्यांनी एकमेकांच्या पाठी, काखा, मानेमागे तपासून आंघोळी केल्या. मी पारावर बसून उरलेल्या गप्पा संपवल्या.

सकाळी उजव्या खांद्यावर मसुराएवढा गोचीड रुतून बसलेला. हौसाला सांगितलं असतं, तर आधी सदऱ्यावरून ऐकावं लागलं असतं. म्हणून गोठ्यामागे जाऊन त्याच्यावर घासलेट चोळलं. तो ढिम्म. मग विडी शिलगावून टेकवली. गोचीड होता तिथेच राहिला, माझीच कातडी भाजून टरारून फोड आला. माझी बोंब वाडीभर गेली, पण शिमगाच असल्यामुळे कोणाला काही विशेष वाटलं नाही.

हौसाला वाटलं. ती काटे काढायचा चिमटा घेऊनच आली. गोचिडाचं पोट न दाबता तिने त्याला अगदी कातडीलगत धरलं आणि न पिळता, सावकाश, सरळ वर ओढलं. अख्खा निघाला. तो तिने घासलेटाच्या वाटीत टाकला आणि माझा खांदा साबणाने धुतला.

"घासलेट ह्येच्यासाठी असता, अंगासाठी नसता," ती म्हणाली. "आनी म्होरं ताप आला तर लपवू नका, दाक्तराला दावा. आज डावा खांदा द्या."

"डावा? भागोजी टपूनच बसलाय!"

दुपारी ढोल वाजले. पालखीचा दांडा नेमका फोडावर बसला. मी किंचाळून उडालो. ढोलवाल्यांना चेव आला, पालखी नाचू लागली आणि तिच्याखाली मीही. "अंगात आला! देव आला!" गाव ओरडलं. पहिला भागोजीच माझ्या पायावर पडला. मान राहिला तो असा. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर नुसतं "हूं हूं" निघालं. लोकांना तेवढं पुरलं.

मग माझी आई, ठमाबाई, पुढे आली. तिने माझ्या पायाशी नारळ ठेवला आणि माझ्यापुढे, पोटच्या पोरापुढे, हात जोडले. मला वाटलं, घराण्याचा मान टिकू दे म्हणेल.

"देवा म्हाराजा, ह्यो मान कोनालाय दे. पन माजा रावजी मुंबयसून कायमचा घरी येऊ दे. माज्या डोळ्यांना दिसताय तवर येऊ दे."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि देवाने तिला काय सांगावं हे मला सुचेना.