दाढ दुखते म्हणून सांगतलं

उंद्रीची अन्नपूर्णा तोंडानं तिखट बाई. बाजारात तिच्या वांग्याला नख लावून पाहणारं गिऱ्हाईक पुन्हा तिच्याकडं फिरकत नसे. तीच बाई नवऱ्यापुढं सात दिवस तोंड मिटून बसली.

नवरा अविनाश पिकअपमध्ये भाजीपाला भरून चिखलीला नेणारा. भाजीचे कट्टे उचलून कंबर धरली, म्हणून दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. एकीच्या दोन, दोनाच्या पंधरा. कंबर कधीच बरी झाली, गोळ्या राहिल्या.

डॉक्टर म्हणाला, "भरती करा."

"घरीच सांभाळतो मी त्यायले," अन्नपूर्णा म्हणाली. भरती केलं तर गावाला कळणार. नशेबाजाच्या गाडीत माल कोण भरणार?

डॉक्टरनं जुलाब-उलटी थांबवायचं औषध दिलं अन् बजावलं, "दहा दिवस. दुखण्याची ती एकही गोळी पोटात गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. ते शिव्या देतील. ती गोळी बोलते, तुमचा माणूस नाही."

गोळीच बोलत असंल. पण त्या गोळीला घरातलं सारं ठाऊक होतं. अन्नपूर्णाचं दोनदा पोट पडलं, तेही. "तुह्यात अन् कोरड्या बोअरात काय फरक हाय वं?" अविनाश दारावर डोकं आपटायचा, नाक गळायचं, पाय झाडायचा. "अर्धी तरी दे, पाया पडतो." दिली नाही की ताट भिंतीवर. अन्नपूर्णा उंबऱ्यात आडवी बसून राहायची.

समोरचा म्हातारा उकंडराव विचारी, "काऊन वं सूनबाई, अविनाश काऊन बोंबलून राह्यला?"

"दाढ दुखून राह्यली त्यायची, मामंजी."

"उपटून टाक म्हणा. माह्या साऱ्या गेल्या. आता सुपारी नाई अन् ठणकाबी नाई."

सातव्या दिवशी सकाळी अविनाशनं अर्धी भाकर खाल्ली. शिवी दिली नाही. घरातलं पीठ सरलं होतं. बाहेरून कडी लावून अन्नपूर्णा चक्कीवर गेली.

परत आली तर उकंडराव खिडकीपाशी उभा.

"तू गेल्यावर लय इव्हळत होता. म्या माह्या गुडघ्याच्या गोळ्यायचं पाकीटच देऊन टाकलं. कडक गोळी हाय, दाढ काय चीज हाय तिच्यापुढं."

अन्नपूर्णानं कडी काढली. खाटेखाली पाकीट पडलं होतं, रिकामं. नाव अविनाशच्याच गोळीचं.

अविनाश तोंड धुऊन बसला होता. "थकली असशील. बस, चहा मी ठेवतो." सात दिवस ती ह्याच आवाजाची वाट पाहत होती.

"सूनबाई, पडला का आराम?" बाहेरून उकंडराव.

म्हाताऱ्यावर ओरडावं तर कशासाठी, ते सांगावं लागलं असतं.

"हाव, मामंजी. पडला."

"सोमवारपासून पुन्हा दहा दिवस धरू आपण," चहाची कपबशी तिच्या हातात देत अविनाश म्हणाला. अन्नपूर्णानं चहा पिऊन कपबशी खाली ठेवली. अजून दहा दिवसांचं बळ तिच्या अंगात उरलं नव्हतं. उद्या दुपारपर्यंत हा आवाज गोडच राहणार होता. तेवढ्यात झोपून घ्यावं, म्हणून ती पदर अंथरून भुईवर आडवी झाली.