दाजी तीनदा बघतात

मी तापट माणूस, खोटं कशाला बोलू! हातातून एक स्क्रू निसटला तरी माझं डोकं फिरतं. आणि नशिबानं भागीदार दिला तो असा, की घराला आग लागली तरी आधी चष्मा पुसून घेईल. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. बावीस वर्षं आम्ही दोघं मिळून वायरिंगची कामं करतोय आणि बावीस वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडतोय.

आता हेच बघा. कुठल्याही बोर्डात हात घालायच्या आधी दाजी टेस्टर तीनदा लावतात. आधी जिथे वीज नक्की आहे तिथे, म्हणजे टेस्टर चालतोय हे कळतं. मग जिथे काम करायचंय तिथे. मग पुन्हा पहिल्या जागी, मधल्या मध्ये टेस्टरनंच मान टाकली नाही ना ते बघायला. तेवढ्या वेळात माझा एक पंखा लावून होतो. वर डावा हात खिशात. चुकून झटका बसलाच तर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेत काळीज लागतं, म्हणून तो हात खिशात. मी म्हणायचो, "दाजी, खिशात काय शेंगदाणे ठेवलेत का?" ते हसायचे. माणूस चिडेल तर शपथ!

अठ्ठावन्नाव्या वर्षी हा गृहस्थ छपरावरच्या सोलरचं काम शिकायला गेला. पोरांच्या वयाच्या मुलांमध्ये पहिल्या बाकावर बसून वही भरून आणली. मला म्हणाले, "अरे, आपल्या वेळी वीज घरात एकाच दारानं यायची. आता ती छपरावरूनही उतरते. आपल्याला दोन्ही दारं माहीत पाहिजेत." मी म्हटलं, वीज ती वीज. मेन पाडला की मेली.

मागच्या आठवड्यात एका बेकरीतून फोन आला. बोर्डात जळका वास येत होता, ओव्हन मध्येच बंद पडत होता. मालक दारातच उभा, कोपरापर्यंत पीठ. "लवकर करा हो, कणीक फुगून भांड्याबाहेर येतेय!" असली घाई म्हणजे मला आमंत्रणच. मेन पाडला, खालचे सगळे स्विच पाडले. पंखे थांबले, खोलीत अंधार झाला. बोर्डाचं झाकण काढलं. आत तांब्याच्या जाड पट्ट्या, त्यातल्या एकीवरचा नट जळून काळा पडलेला. पट्टीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. पान्हा उचलला.

"थांब," मागून दाजी म्हणाले. "टेस्टर चालतोय का बघितलास?"

"दाजी, मेन पाडलाय! खोली काळोखी झालीय, दिसत नाही का?"

"दिसतंय. शेजारी शिंप्याचं दुकान आहे. तिथे लावून ये."

मालक कपाळावर हात मारून बघतोय आणि हे मला शिंप्याकडे पाठवतायत! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पान्हा टेबलावर आपटला, दाणदाण पावलं टाकत शिंप्याकडे गेलो आणि त्याच्या प्लगमध्ये टेस्टर खुपसला.

दिवा लागला नाही.

"तुमचा प्लग बंद आहे," मी शिंप्यावर खेकसलो.

"बंद कसा? आत्ता त्याच्यावरच इस्त्री केली," तो म्हणाला आणि इस्त्रीची पिन लावून दाखवली. तिचा लाल दिवा लागला.

मी हातातल्या टेस्टरकडे बघत राहिलो. सकाळी तो शिडीवरून पडला होता. परत येऊन दाजींना सांगितलं. दाजींनी स्वतःचा टेस्टर काढला, शिंप्याकडे जाऊन तपासून आले, डावा हात खिशात घातला आणि टेस्टर पट्टीला टेकवला. लख्ख पेटला! जिथे मी पान्हा लावणार होतो, नेमका तिथेच.

दाजी गच्चीवर गेले, मी मागोमाग. वर सोलरची पॅनेलं, पत्र्याच्या पेटीत बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. ज्यानं कुणी ते बसवलं होतं त्यानं बॅटरीची लाइन मेनच्या पुढे, थेट पट्ट्यांना जोडली होती. ना स्विच, ना साधी चिठ्ठी. मेन पाडला की बॅटरी आपसूक पट्ट्यांना वीज देणार. दाजींनी बॅटरीची जोडणी काढली, खाली येऊन तीनदा बघितलं आणि मला म्हणाले, "आता घाल हात."

मालक पुन्हा ओरडला, "अहो, माझी कणीक!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा दाजींचा आवाज चढलेला ऐकला. "कणीक पुन्हा मळता येते! याला कुठून आणू?"

नट बदलला, बॅटरीच्या लाइनला वेगळा स्विच दिला, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली. पण पान्हा मी दाजींच्याच हातात दिला होता, हे सगळं त्यांनीच केलं. मी नुसता हातात हत्यारं देत होतो आणि त्यांची बोटं बघत होतो. एकेक नट फिरवायची काय ती सावकाशी! मी तिला आळस म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी जेवायला ताईकडेच होतो. शेवटी बोलून टाकलं, "ताई, आज मी मेलो असतो. दाजी होते म्हणून वाचलो."

मला वाटलं ती किंचाळेल, मला बदडेल. ती माझ्याकडे बघेचना. ती दाजींच्या ताटाकडे बघत होती. भात वाढला होता तसाच होता.

"मला ते आल्या आल्याच कळलं," ती म्हणाली. "असं काही झालं की यांना जेवण जात नाही. ही चौथी वेळ."

"चौथी?" मी म्हटलं. "माझ्या बाबतीत? दाजी, आधी कधी झालं? मला कसं कळलं नाही?"

दाजींनी आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"तू जेव आधी," ते म्हणाले. "गार होतंय."