पाहुण्यांसाठी सफेदी

गावाहून परतलेला बीही दारातच थबकला. परवापर्यंत राखाडी असलेला बाजार पुरुषभर उंचीपर्यंत पांढराफटक!

अगादीर शहरातल्या या सिमेंटच्या बाजाराचा तो एकतीस वर्षं रखवालदार. शहर जमीनदोस्त करणाऱ्या भूकंपानंतर उभी राहिलेली इमारत. रंग नाही, गिलावा नाही, सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघासुद्धा भिंतीवर तशाच. परक्यांना ती भकास वाटे, वस्तीचा मात्र तिच्यावर भारी जीव. आता ती पाडून तिथे हॉटेल बांधायचं घाटत होतं. आज अकराला वारसा समितीच्या बाई येणार होत्या. मूळ रूप शाबूत असेल तरच इमारत वाचणार होती.

आणि घात कोणी केला? बीहीनेच! परवा बहिणीच्या गावाला जाताना तो मासळीवाल्या इज्जाला म्हणाला होता, "पाहुणे येताहेत, जरा घरच्यासारखं दिसू दे." झालं! ईदच्या आधी घराला करतात तशी इज्जासकट बाजारातल्या सात बायकांनी सफेदी केली, तीही आपापल्या घरचा चुना आणून.

"दादा, कसं दिसतंय?" इज्जाने हौसेने विचारलं.

"वाट लागली, इज्जा! त्यांना उघडं सिमेंटच बघायचंय."

"या अल्ला! मग हे आधी बोलायला तोंडाला कुलूप होतं?"

बादल्या आल्या, तारेचे ब्रश आले. चुना अजून ओलसर होता, पण रेघांतून काही निघेना. बायकांचे हात सोलवटले. दर दोन मिनिटांनी बीही घड्याळ बघत होता.

बाई वेळेआधीच आल्या. भिंत अर्धी पांढरी, अर्धी ओली.

"कोणी केलं हे?"

"मी सांगितलं होतं," बीही पुढे झाला. "माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

"मूळ रूप राहिलं नाही, असं लिहावं लागेल."

"लिहा." त्याने बायकांच्या सोलवटलेल्या हातांकडे बोट दाखवलं. "पण बाईसाहेब, सरकारी भिंतीसाठी कोणी घरचा चुना आणतं का? यांनी आणला. तेही लिहा."

"त्याला या कागदात जागा नाही."

बाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर लिहिलं, 'चुना घरचा, सात जणींचा.'

"नावं सांगा. सातही जणींची."

बीही आडवा आला. दंड करणार की काय! "नावं कशाला? एकट्या माझं घ्या ना!"

इज्जाने त्याला बाजूला सारलं.

"इज्जा, हमादची लेक. मासळी विकते," ती म्हणाली. "आणि बाई, पाडायला माणसं धाडाल ना, तेव्हा त्यांच्या हाती हाच कागद द्या. यावर नावं असलेल्या आम्हा सातजणींना आधी विचारा म्हणावं."