अक्कलदाढ आणि सातवा महिना

जबड्याच्या सर्जन मॅडमनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं दाबून पाहिली आणि शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "लाकडासारखं घट्ट झालंय. लुडविग्ज अँजायना आहे. भुलीच्या डॉक्टरांना बोलवा. आत्ताच्या आत्ता."

मी औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात बाकावर पुढं वाकून बसले होते, कारण जरा मागं रेललं की श्वास अडकत होता. तोंडातून लाळ गळत होती आणि ती गिळता येत नव्हती. मांडीवर टॉवेल होता, तो ओला झाला होता. मला सातवा महिना चालू होता.

मॅडमनी माझ्या नवऱ्याला बाजूला नेलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं. "अक्कलदाढेचं इन्फेक्शन जबड्यातून खाली उतरलंय. जिभेखाली आणि गळ्यात, दोन्ही बाजूंना पसरलंय. जीभ वर ढकलली गेलीय. आता वेळ घालवला तर श्वासाची वाट बंद होईल."

"दाढेमुळं?" हे म्हणाले. त्यांना खरंच वाटेना.

"हो, दाढेमुळं."

दाढेनं माणूस मरू शकतो, हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुमच्यापैकी पुष्कळांना अजूनही माहीत नसेल, म्हणून हे लिहिते आहे. लिहायला मला बारा वर्षं लागली.

मी बिडकीनला अंगणवाडी सेविका आहे. माझं माहेर पाचोडचं. गावातल्या गरोदर बायांची नोंद ठेवायची, त्यांचं वजन करायचं, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या का ते बघायचं, हे माझं काम. शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. दातांबद्दल मात्र मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दाढ पहिल्यांदा दुखली ती चौथ्या महिन्यात. खाली उजव्या बाजूला, अगदी मागं. जिभेनं चाचपलं तर दाढेचं एकच टोक लागायचं, बाकीची हिरडीखाली होती. तिथं भाकरीचा कण अडकला की दुखायचं आणि दोन दिवसांनी थांबायचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "अक्कलदाढ हाय ती. येताना दुखतीच." त्यांनी मला लवंग दिली. लवंगेनं बरं वाटलं.

अशा दाढेला इम्पॅक्टेड म्हणतात, हे नंतर कळलं. म्हणजे जबड्यात जागा नसल्यामुळं तिरकी होऊन अडकलेली. ती अर्धीच वर येते. तिच्यावर हिरडीची झाकण असल्यासारखी घडी राहते आणि त्या घडीखाली अन्न कुजतं. तिथं सूज आली की त्याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण दुखणं अगदी साधं वाटतं, आणि आपण फसतो ते तिथंच.

पाचव्या महिन्यात दुखणं कानापर्यंत गेलं. मी बाजारातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे एकटीच गेले. त्यांनी तोंडात बघितलं, मग पोटाकडं बघितलं. म्हणाले, "दिवस गेलेत तुम्हाला. आता हात लावत नाही. बाळंतपण होऊ द्या, मग काढू." तापाच्या गोळ्या दिल्या आणि मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला सांगितलं.

खरं सांगते, मला बरंच वाटलं. मला दाढ काढायची भीती वाटत होती, आता डॉक्टरच नको म्हणाले होते.

घरी सांगितल्यावर आत्याबाईही म्हणाल्या, "लई शहाणा डॉक्टर. पोटुशी बाईनं दात काढूच नाय. लेकराच्या नजरेवर जातं." त्यांचा जीव होता माझ्यावर. लग्नानंतर चार वर्षांनी मला दिवस राहिले होते. त्या मला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हत्या.

सातव्या महिन्यातल्या एका सोमवारी गाल सुजला. मंगळवारी तोंड उघडेना, दातांमधून एक बोट कसंबसं जायचं. याला ट्रिसमस म्हणतात, म्हणजे जबड्याचे स्नायू आखडून तोंड मिटून जाणं. ही खूण लक्षात ठेवा. दाढ दुखते आहे आणि तोंड उघडत नाही, म्हणजे इन्फेक्शन दाढेपुरतं राहिलेलं नाही.

मला हे माहीत नव्हतं. आत्याबाईंनी विटकर तापवून फडक्यात गुंडाळली आणि गाल शेकला. शेकताना छान वाटायचं. बुधवारी अंगात ताप भरला. पेजसुद्धा घशाखाली उतरेना. माझा आवाज बदलला, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. हे वाळूजला कंपनीत होते, पाळी संपवून आले आणि म्हणाले, "सकाळी औरंगाबादला जाऊ."

सकाळी जीपमध्ये बसले तेव्हा सूज हनुवटीखालून गळ्यापर्यंत गेली होती. पैठण रोडवर प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी पोट धरत होते. शेजारच्या बाईनं तिची खिडकीची जागा मला दिली आणि वाटभर माझ्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

मॅडमनी बोटं दाबून पाहिली, ती त्याच सकाळी.

तोंड उघडत नव्हतं, त्यामुळं तोंडातून श्वासाची नळी घालता येईना. पूर्ण भूल दिली असती तर श्वास गेला असता. म्हणून जागेपणीच माझी ट्रॅकिओस्टॉमी केली. म्हणजे गळ्याला समोरून भोक पाडून थेट श्वासनलिकेत नळी बसवणं. फक्त कातडी बधिर केली होती. भुलीच्या डॉक्टरांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अनिता, हलायचं नाही. नळी बसली की तुला आवाज काढता येणार नाही, घाबरू नकोस." नळी आत गेली आणि खोकला आला, पण त्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर झोपवलं. हनुवटीखाली कापून पू काढला, आत रबरी नळ्या ठेवल्या आणि ती दाढही काढली. दाढ काढायला दहा मिनिटं लागली, असं मॅडम नंतर म्हणाल्या.

पहिले दोन दिवस मला एवढंच आठवतं, की सिस्टर दर थोड्या वेळानं गळ्यातल्या नळीतून कफ ओढून घ्यायच्या आणि मला बुडाल्यासारखं व्हायचं. सकाळ-संध्याकाळ बाळंतपणाच्या विभागातून एक डॉक्टर येऊन बाळाचे ठोके ऐकवायच्या. ते टकटक ऐकलं की मी डोळे मिटून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "इन्फेक्शन रक्तात गेलंय, त्यामुळं शरीर बाळाला ठेवून घेत नाही. थांबवायचा प्रयत्न करतोय." पण ते थांबलं नाही.

मी आवाजाशिवाय बाळंत झाले. बाई बाळंत होताना ओरडते, आईला हाक मारते. माझं तोंड हलत होतं आणि हवा गळ्यातल्या नळीतून फस्स करून बाहेर जात होती. शेजारच्या टेबलावरची बाई मोठमोठ्यानं ओरडत होती. मला तिचा हेवा वाटला.

मुलगी झाली. ती रडली, अगदी बारीक. तो आवाज मी ऐकला. मग तिला काचेच्या पेटीत ठेवायला नेलं.

चौथ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून तिच्याकडं नेलं. माझ्या तळहातात मावतील एवढे तिचे दोन्ही पाय होते. पेटीच्या गोल खिडकीतून हात घातला, तर तिनं माझं बोट धरलं. नखं पूर्ण आली होती. सिस्टर म्हणाल्या, "बोला ना बाळाशी, त्यांना आईचा आवाज कळतो." मग त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडं गेलं.

ती सहा दिवस जगली. तिची फुप्फुसं तयार झाली नव्हती.

हे सांगायला ह्यांनी माझ्या खाटेजवळ येऊन तोंड उघडलं आणि शब्दच निघेना. मला कळलं. मला रडताही आलं नाही. म्हणजे पाणी येत होतं, छाती हलत होती, पण आवाज नव्हता. वॉर्डातल्या बायांना कळलंसुद्धा नाही, त्या चहा पीत होत्या.

आत्याबाई रोज माझ्याजवळ असायच्या. सिस्टरकडून शिकून नळीभोवतीची पट्टी त्याच बदलायच्या. त्या दिवशी पट्टी बदलता बदलता थांबल्या आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं गं पोरी. मीच नाय म्हणाले व्हते. वरून शेकलं बी मीच." मी तोंड भिंतीकडं केलं. आवाज असता तरी त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नसते. त्यांनी पट्टी पुरी केली आणि बाहेर जाऊन बसल्या.

बोलायचं असलं की मी पाटीवर लिहायची. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा मी लिहिलं, "आधी आले असते तर?"

त्यांनी वाचलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चौथ्या, पाचव्या महिन्यात आली असतीस तर दाढ काढता आली असती. गरोदरपणात दाढ काढता येते. इंजेक्शन देता येतं, पोट झाकून एक्सरेसुद्धा काढता येतो. बाळाच्या नजरेला काही होत नाही. चुकीचं सांगितलं तुला." मग म्हणाल्या, "तुला हे आज सांगू नये असं मला वाटत होतं. पण तू विचारलंस."

त्यांचा तेव्हा राग आला. आज मी त्यांची ऋणी आहे. माझा जीव त्यांनी वाचवला, आणि माझं मूल नशिबानं गेलं असं म्हणायची वाट त्यांनी बंद केली. 'नशीब' म्हटलं असतं तर मी पुढं काहीच केलं नसतं.

बाराव्या दिवशी नळी निघाली, सोळाव्या दिवशी घरी सोडलं. गळ्याला दोन वण आहेत, एक खड्ड्यासारखा आणि एक हनुवटीखाली आडवा. आवाज परत आला, पण थोडा घोगरा. नंतर मला मूल झालं नाही. आत्याबाईंशी मी चार-पाच महिने कामापुरतंच बोलत होते. मग एकदा त्यांची स्वतःची दाढ दुखायला लागली आणि त्या कुणाला न सांगता लवंग धरून बसलेल्या दिसल्या. मी त्यांचा हात धरला आणि औरंगाबादला घेऊन गेले. वाटेत आम्ही दोघीही रडलो. मी त्यांना माफ केलं की नाही, मला सांगता येत नाही. आम्ही एका घरात राहतो आणि त्या आता म्हाताऱ्या झाल्यात.

कामावर परत गेल्यावर मी गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला विचारायला लागले, दात दुखतात का, हिरडीतून रक्त येतं का. सुरुवातीला बाया हसायच्या.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या नसीमला पाचवा महिना होता. गाल धरून बसली होती. तिची सासू म्हणाली, "पेट से है वो. दात को हात नइ लगाने का." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. डोक्यावरचा पदर मागं सारला, मान वर केली आणि दोन्ही वण दाखवले. मग माझ्या मुलीचं सांगितलं. त्या बराच वेळ माझ्या गळ्याकडं बघत राहिल्या. शेवटी नसीमला म्हणाल्या, "बुरखा पहन. जा इनके साथ."

दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. पंचवीसेक मिनिटांनी ती बाहेर आली, दातांखाली कापसाचा बोळा धरून, एक हात पोटावर ठेवून. माझ्याकडं नवलानं बघत बोळ्यामागून म्हणाली, "बाजी, बस इतनाच?"

"व्हय," मी म्हणाले. "एवढंच."